सेमी-ड्वार्फ नासपती: खुंट निवडण्यापासून पहिल्या अढीपर्यंत

नासपतीच्या झाडाचा धाक वाटतो तो वर्षांमुळे. बियांपासून वाढवलेल्या खुंटावरचं (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग) मोठं झाड फळावर यायला सहज सात-आठ वर्षं घेतं, आणि तोवर इतकं उंच झालेलं असतं की शिडीशिवाय हात पोचत नाही. सेमी-ड्वार्फ, म्हणजे झाड मध्यम बुटकं ठेवणाऱ्या, खुंटावरचं कलम तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फुलायला लागतं आणि साडेतीन-साडेचार मीटरवर आवरता येतं. हा सगळा प्रवास पुरा झाल्यावर, फळं अढीतून पिकून निघाल्यावर, आता क्रमाने लिहून ठेवत आहे. मधल्या वर्षांत आपलं झाड ठीक चाललंय की नाही हेच कळत नाही, आणि माणूस तिथेच धीर सोडतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. नासपतीला सरळ वर जायचं असतं. सफरचंदाच्या फांद्या वजनाने आपोआप पसरतात, नासपतीच्या फांद्या खोडाला चिकटून आभाळाकडे बघतात. अशी ताठ फांदी वर्षानुवर्षं लाकूडच वाढवत राहते. तीच कलती केली की जोर कमी होतो आणि फळकळ्या धरतात. खुंट तुम्हाला झाडाचा आकार देतो, पण फळ लवकर येणार की उशिरा हे बरंचसं फांद्यांच्या कोनावर ठरतं.

रोप मागवण्याआधी

सुरुवात झाडापासून करू नका, थंडीपासून करा. नासपतीला सुप्तावस्थेत ठरावीक तास गारवा लागतो. 0 ते 7 अंश सेल्सियसमधले तास मोजायची पद्धत आहे. बार्टलेट, म्हणजेच विल्यम्स, या प्रसिद्ध जातीला साधारण 800 तास लागतात. होसुई, शिनसेकी यांसारख्या आशियाई जाती 300 ते 450 तासांत भागवतात. फ्लोरडाहोम, हूड, कीफर या कमी थंडीवर चालणाऱ्या जाती आहेत. थंडी कमी पडली तर झाड मरत नाही, पण कळ्या एकदम फुटत नाहीत. एक फांदी पानांवर येते, दुसरी अजून झोपलेली असते, फुलं तुरळक आणि लांबत जाणारी. अशा झाडावर खत-पाण्याचे कितीही प्रयोग केले तरी हाती काही लागत नाही. म्हणून जवळच्या हवामान केंद्राच्या हिवाळी तापमानाच्या नोंदी काढून तास मोजून घ्या आणि मगच जात निवडा.

मग खुंट. इथे घाई करू नये. सेमी-ड्वार्फ म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्यतः दोन घराणी आहेत. पहिलं ओएचएफ मालिकेचं (ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या जातींवरून हे नाव). यातले खुंट ओल्ड होम या, फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला सहसा दाद न देणाऱ्या जातीपासून आलेले आहेत. ओएचएफ 87 वरचं झाड पूर्ण आकाराच्या साधारण दोन तृतीयांश होतं, लवकर फळावर येतं आणि मुळं घट्ट धरतं. ओएचएफ 333 त्याहून थोडं लहान राहतं, पण त्यावर फळंही काहीशी लहान येतात. दुसरं घराणं क्विन्सचं, म्हणजे नासपतीच्या नात्यातल्या एका वेगळ्या फळझाडाचं. क्विन्स ए वरचं झाड मध्यम बुटकं, क्विन्स सी वरचं त्याहून लहान. क्विन्सवर फळ लवकर येतं आणि आकाराने चांगलं येतं, पण मुळं उथळ असतात, कायमचा आधार लागतो, कडाक्याची थंडी सोसत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरवट राहतात.

क्विन्सची आणखी एक अडचण आहे आणि ती उशिरा उघडी पडते. बार्टलेट आणि बॉस्क या जातींचं क्विन्सशी जमत नाही. कलम लागल्यासारखं दिसतं, झाड काही वर्षं वाढतंही, आणि मग एखाद्या वाऱ्यात जोडापाशी स्वच्छ कापल्यासारखं मोडतं. या जाती क्विन्सवर हव्याच असतील तर मध्ये बेउरे हार्डी किंवा ओल्ड होमचा तुकडा घातलेलं दुहेरी कलम मागायचं. बहुतेक परसबागांसाठी माझं मत ओएचएफ 87 च्या बाजूने आहे. थोडं मोठं झालं तरी छाटता येतं, आणि रोग व जमीन या दोन्ही बाबतींत ते जास्त सोसतं.

एकटं झाड लावून भागत नाही. जवळपास सगळ्या नासपतींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि दोन्हींचा फुलोरा एका वेळी यायला हवा. अंतर 15 मीटरच्या आत असलं तर उत्तम, 30 पर्यंत चालतं. काही जोड्या मात्र निरुपयोगी: बार्टलेट आणि सेकेल एकमेकांना चालत नाहीत, मॅग्नेसचा पराग नपुंसक असतो. कॉन्फरन्स ही जात एकटी असली तरी थोडीफार फळं धरते, पण ती बरेचदा लांबट, काकडीसारखी आणि बिनबियांची निघतात. जागा एकाच झाडाची असेल तर पुढे एका फांदीवर दुसरी जात बांधायची. त्याबद्दल खाली येईलच.

रोपवाटिकेकडे मागणी नोंदवताना जात आणि खुंट दोन्हींची नावं लेखी घ्या. लेबलवर नुसतं ‘सेमी-ड्वार्फ’ असेल तर ते पुरेसं नाही. त्या शब्दाखाली चार वेगळे खुंट विकले जातात. विषाणुमुक्त प्रमाणित रोप आहे का, हेही विचारा. उघड्या मुळांची रोपं सुप्तावस्थेतच पाठवतात, त्यामुळे नोंदणी आदल्या उन्हाळ्यात किंवा पानगळीआधी करावी लागते. उशीर झाला की हवा तो खुंट संपलेला असतो आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. रोप किंवा कलमाची काडी देशाबाहेरून, कधीकधी दुसऱ्या प्रांतातूनही, आणायची असेल तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा प्रमाणपत्र-दाखला लागतो. नासपती ही फायर ब्लाइटची यजमान असल्याने हे नियम तिच्या बाबतीत जास्त कडक असतात. परवाना हातात आल्यावरच पैसे भरा, नाहीतर पार्सल तपासणी नाक्यावर अडकतं आणि उघडी मुळं तिथेच सुकतात. कुंपणापासून किती अंतरावर झाड लावता येतं याचाही नियम अनेक ठिकाणी असतो. तो खड्डा खणायच्या आधी बघून घेतलेला बरा.

खर्चाचा विचार असा करा: मोठं, फांद्या फुटलेलं महागडं रोप घेण्यापेक्षा एक वर्षाची सरळ काडी, म्हणजे फांद्या न फुटलेलं कलम, घ्या. ती स्वस्त पडते, लवकर रुजते आणि फांद्या कुठे हव्यात हे तुमच्या हाती राहतं. वाचलेले पैसे चांगल्या सिकेटरवर (छाटणीच्या कात्रीवर) आणि माती परीक्षणावर घाला.

जागा आणि खड्डा

दिवसाला किमान सहा ते आठ तास ऊन हवं. सखल खड्डेवजा जागा टाळा, कारण रात्रीची गार हवा उतारावरून खाली येऊन तिथे साचते आणि फुलोऱ्यातलं दंव तिथेच पडतं. झाडांत चार ते पाच मीटर अंतर ठेवा.

निचरा तपासायला 30 सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं, मग पुन्हा भरून पातळी किती वेळात उतरते ते बघायचं. ताशी अडीच सेंटीमीटर उतरत असेल तर जागा चालेल. नासपती सफरचंदापेक्षा चिकण आणि ओली माती जास्त सोसते, पण मुळांपाशी पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं तर तीही कुजते. मग उंचवट्यावर लावणं हाच उपाय. सामू (pH) 6 ते 7 मध्ये असावा. माती परीक्षणाचा अहवाल यायला वेळ लागतो आणि चुना किंवा गंधक घालून सामू बदलायला त्याहून जास्त, त्यामुळे हे काम लागवडीच्या आदल्या हंगामात उरकून ठेवा.

रोप आलं की त्याच दिवशी उघडून मुळं बघा. ती ओलसर, लवचिक हवीत. नखाने साल खरवडली तर आत हिरवं दिसायला हवं. लगेच लावता येत नसेल तर सावलीत चर काढून मुळं ओल्या मातीत झाकून ठेवा. लावण्याआधी मुळं तास-दोन तास पाण्यात बुडवायची, फार तर रात्रभर. त्याहून जास्त ठेवली तर ती गुदमरतात.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट रुंद, पण मुळांइतकाच खोल. खोल खणून भुसभुशीत माती भरली की झाड नंतर खचतं आणि कलमाचा जोड जमिनीत जातो. हा जोड म्हणजे बुंध्यापाशी दिसणारा किंचित वाकडा, फुगीर सांधा. तो जमिनीच्या वर पाच ते दहा सेंटीमीटर राहायलाच हवा. मातीखाली गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा धाक संपतो आणि ज्यासाठी सेमी-ड्वार्फ घेतलं ते झाड पूर्ण उंचीचं होऊन बसतं. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून जोडाची उंची मोजली की शंका राहत नाही.

खड्ड्यात शेणखत किंवा रासायनिक खत घालायचा मोह आवरा. निघालेली मातीच परत भरा. ताज्या खताने कोवळी मुळं जळतात, आणि खड्ड्यातली माती आसपासच्या मातीपेक्षा फार वेगळी असली तर मुळं बाहेर पडायला बघत नाहीत. माती हलकेच दाबा, आळं करा, पंधरा-वीस लिटर पाणी एकदम द्या. क्विन्सवरचं झाड असेल तर आधाराची बळकट काठी आत्ताच रोवायची. दोरी आठाच्या आकड्यात बांधावी म्हणजे खोड घासत नाही.

आता सगळ्यात जड वाटणारं काम. उंच, देखणी काडी 75 ते 90 सेंटीमीटरवर कापून टाकायची. मन होत नाही, पण खणताना रोपाची बरीच मुळं तुटलेली असतात आणि उरलेली मुळं पूर्ण शेंड्याला पोसू शकत नाहीत. शिवाय हा काप दिला नाही तर शेंडा तसाच वर जातो आणि हाताशी फांद्या फुटतच नाहीत. काप निरोगी डोळ्याच्या थोडा वर, तिरका.

शेवटी आच्छादन: लाकडाचा भुसा-चिपाडं किंवा पेंढा, आठ ते दहा सेंटीमीटर जाड, पण बुंध्यापासून पंधरा सेंटीमीटर मोकळं वर्तुळ सोडून. बुंध्याला टेकलेल्या आच्छादनात उंदीर घर करतात आणि हिवाळ्यात साल गोल कुरतडतात. साल पूर्ण फिरून गेली तर झाड वाचत नाही. खोडाभोवती जाळीचं कवच लावा. कडक उन्हाची जागा असेल तर पांढरा पाण्यात विरघळणारा रंग तितक्याच पाण्यात मिसळून खोडाला द्या, सालीला चिरा पडत नाहीत.

पहिलं आणि दुसरं वर्ष: कोन

पहिल्या वर्षी पाणी हेच खत. आठवड्यातून एक-दोनदा भरपूर, खोलवर मुरेल असं. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच राहतात. बोटभर खोल माती उकरून बघा, ओल असेल तर थांबा.

फुटवे सात ते दहा सेंटीमीटरचे झाले की कपडे वाळत घालायचे चिमटे हातात घ्या. खरोखर, या झाडाचं सगळ्यात उपयोगी अवजार तेच. वरचा एक फुटवा शेंडा म्हणून ठेवायचा. त्याच्या खालच्या प्रत्येक फुटव्याच्या जरा वर खोडाला चिमटा असा लावायचा की त्याची शेपटी कोवळ्या फुटव्याला बाहेर ढकलेल. या वयात फुटवा हिरवा असतो, बोटाने वाकवला तरी चालतो, आणि काही आठवड्यांत त्या कोनात लाकूड तयार होतं. हेच काम पुढच्या वर्षी करायचं झालं तर दोन्ही टोकांना खाच पाडलेल्या काठ्या, दोरी, वजनं लागतात, आणि जोर दिला की फांदी खोडापाशी चिरते.

कोन खोडापासून 50 ते 60 अंश असावा. त्याहून अरुंद राहिला तर जोडात साल दबून बसते आणि फळांच्या भाराने तीच फांदी फाटते. याउलट पार आडवी किंवा खाली झुकवली तर वाकलेल्या जागेवरून पानसोट उभे राहतात, काठीसारखे सरळ, आणि सगळा जोर तेच खातात. दोरी बांधताना टोकाला बांधू नका. फांदी कमानीसारखी वाकते. मध्याच्या थोडं खाली बांधली तर ती सरळ राहून कलते.

पहिल्या हिवाळ्यात चार-पाच मुख्य फांद्या ठरवायच्या: खोडाभोवती फिरत्या जिन्यासारख्या, एकीपासून दुसरी पंधरा-वीस सेंटीमीटर वर. जी फांदी तिच्या जागेवरच्या खोडाच्या निम्म्याहून जाड झाली ती काढून टाका, नाहीतर ती शेंड्याशी स्पर्धा करते. बाकीच्यांना शक्यतो हात लावू नका. फांदीचं टोक छाटलं की खालचे तीन-चार डोळे जोरात फुटतात. जितकी जास्त छाटाछाट, तितकं लाकूड आणि तितका फळाला उशीर. नकोशी फांदी मुळापासून काढणं वेगळं, टोकं खुडत राहणं वेगळं. जखमांना रंग किंवा डांबर लावायची गरज नाही, कोरड्या दिवशी कापलं की साल स्वतःच भरून येते.

खुंटाला जोडाच्या खालून फुटवे आले तर दिसताक्षणी हाताने ओढून काढा. कात्रीने कापले तर तळाशी डोळे उरतात आणि दुप्पट येतात.

नत्राचं माप झाडच सांगतं. शेंड्याची एका हंगामातली वाढ टेपने मोजा. न फळलेल्या झाडाची वाढ 45 ते 75 सेंटीमीटर असेल तर काही घालायचं नाही. त्याहून बरीच कमी असेल तर वसंताच्या सुरुवातीला थोडं कंपोस्ट. जास्त असेल तर शेजारच्या हिरवळीला घातलेलं खत मुळांपर्यंत पोचतंय का ते बघा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फुटवे येतात आणि फायर ब्लाइटला तेच सगळ्यात आवडतात.

तिसरं वर्ष, चौथं वर्ष: वाट पाहणं

हा काळ मनाने कठीण जातो. झाड हिरवंगार आहे, उंच होतंय, आणि फूल नाही. इथे हिवाळ्यात कळ्या वाचता आल्या तर जीव भांड्यात पडतो. पानकळी बारीक, टोकदार, फांदीला चिकटलेली असते. फळकळी गुबगुबीत, गोलसर, आखूड जाडसर काडीच्या टोकावर बसलेली. ही आखूड काडी, म्हणजे स्पर, दोन वर्षांच्या किंवा जुन्या लाकडावर येते. त्या वर्षी आडवट फांद्यांवर अशा गुबगुबीत कळ्या दिसल्या आणि सरळ फांद्यांवर एकही दिसली नाही, तर घाबरायचं कारण नाही. उरलेल्या फांद्याही कलत्या करायच्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वर्षीच्या फळकळ्या आदल्या उन्हाळ्यातच ठरतात, त्यामुळे आज वाकवलेल्या फांदीचं उत्तर लगेच मिळत नाही.

एका झाडावर दुसरी जात बांधायची असेल तर ती याच वर्षांत. काड्या पूर्ण सुप्तावस्थेत काढून, ओलसर कागदात आणि पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, पण सफरचंदांशेजारी नको; पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने डोळे मरतात. झाडाच्या कळ्या फुगू लागल्या की जिव्हा कलम किंवा पाचर कलम करा. काडी आणि फांदी वेगळ्या जाडीच्या असतील तर एका बाजूला साल सालीला नेमकी भिडवा. दोन्हीकडे मध्यावर ठेवली तर कुठेच भिडत नाही. टेपने घट्ट बांधून वरचं टोक मेणाने बंद करायचं. बांधलेल्या जातीची फांदी ठळक खुणेने ओळखीत ठेवा, नाहीतर पुढच्या छाटणीत तीच कापली जाते.

फुलोरा, दंव आणि फायर ब्लाइट

नासपतीच्या एका कळीतून पाच ते सात पांढरी फुलं निघतात. सफरचंदात मधलं फूल आधी उमलतं, इथे बाहेरची आधी. परागकोश सुरुवातीला गडद गुलाबी असतात, मग फुटून काळपट होतात. फुलांच्या मधात साखर कमी असल्यामुळे मधमाश्या नासपतीवर फारशा भाळत नाहीत; आसपास दुसरं गोड फूल असलं की तिकडे वळतात. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखालचं फुललेलं गवत कापून टाका. पाऊस आणि गारठा असेल तर मऊ ब्रशने स्वतः पराग फिरवा, दुसऱ्या जातीच्या झाडावरून इकडे. घरच्या एका झाडाला हे सहज जमतं.

पूर्ण उमललेली फुलं उणे 2.2 अंशाला साधारण दहा टक्के मरतात, उणे 4.4 ला नव्वद टक्के. घट्ट कळी याहून जास्त सोसते. दंवाच्या रात्री झाडावर जमिनीपर्यंत टेकणारं कापड टाकायचं, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. सकाळी तापमान वर आलं की काढायचं. दुसऱ्या दिवशी फूल चिरून बघा: मधला भाग काळा असेल तर ते गेलं, पाकळ्या कितीही ताज्या दिसोत. फुलं वाळून झाडावरच चिकटून राहिली आणि दंव पडलेलं नव्हतं, तर बोरॉनची कमतरता असू शकते. ते पानांच्या परीक्षणाशिवाय घालू नका, कारण बोरॉन थोडंसं जास्त झालं तरी विषारी ठरतं.

आता फायर ब्लाइट. ज्या प्रदेशात हा रोग आहे तिथे नासपतीचा खरा शत्रू हाच. इर्विनिया अमायलोव्होरा हा जिवाणू उमललेल्या फुलातून शिरतो. 18 ते 30 अंश तापमान आणि वरून पाऊस किंवा दव, एवढं जमलं की पुरे. फुलांचा घोस काळवंडतो, कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो, पानं जळाल्यासारखी काळी होतात पण गळत नाहीत. दमट सकाळी सालीवर मधाच्या रंगाचे चिकट थेंब दिसतात. त्या थेंबांतून माश्या आणि पाऊस रोग पसरवतात.

दिसला की कोरड्या दिवशी कापा. जिथे काळं दिसतं तिथे नव्हे, तिथून 20 ते 30 सेंटीमीटर खाली, कारण जिवाणू दिसणाऱ्या जखमेच्या पुढे गेलेला असतो. शक्य तिथे दोन वर्षांच्या लाकडात जाऊन दहा-बारा सेंटीमीटरचा खुंटा मुद्दाम सोडायचा. कापलेल्या जागी पुन्हा लहानशी जखम झालीच तर ती त्या खुंट्यातच होते, आणि हिवाळ्यात तो काढून टाकता येतो. प्रत्येक कापानंतर सिकेटर 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. कापलेलं लाकूड कंपोस्टमध्ये टाकू नका. काही देशांत हा रोग दिसल्यावर वनस्पती संरक्षण खात्याला कळवणं सक्तीचं आहे. रोप घेतानाची पावती आणि लेबल अशा वेळी मागितलं जातं, म्हणून ते जपून ठेवा. हिवाळ्यात सालीवरचे दबलेले, गडद, कडा चिरलेले चट्टे शोधून काढा, पुढच्या वसंतातला रोग तिथूनच निघतो. बार्टलेट, बॉस्क, कोमिस या जाती याला लवकर बळी पडतात. हॅरो स्वीट, मूनग्लो, वॉरेन, मॅग्नेस बऱ्यापैकी टिकतात. उष्ण-दमट वसंत असलेल्या भागात मी चवीपेक्षा याला आधी महत्त्व देईन.

बाकी कीड याहून सोपी. सिल्ला कीड चिकटा सोडते आणि त्यावर काळी बुरशी चढते. कळ्या फुगताना एकदा फळबागेचं तेल फवारलं तर ती आणि पानांवर फोड आणणारा कोळी दोन्ही आटोक्यात राहतात. पानाचा वरचा थर खरवडणाऱ्या गोगलगायीसारख्या चिकट अळ्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतात. फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथसाठी घरच्या झाडाला कागदी पिशव्या सगळ्यात खात्रीच्या. पानांच्या पाठीला नारिंगी गंजाचे शिंगांसारखे उंचवटे दिसले तर जवळ ज्युनिपर हे सदाहरित झुडूप आहे का बघा, तो तांबेरा तिथून येतो.

पहिली फळं आणि अढी

लागवडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत चुकूनमाकून फळ धरलं तर खुडून टाका. झाडाचा सांगाडा आधी. खरा बहर आला की विरळणी. आपोआप होणारी फळगळ संपल्यावर, फुलोऱ्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी, घोसात एक किंवा फार तर दोन फळं ठेवायची, आणि घोसांत पंधरा सेंटीमीटर अंतर. वाकडी, डागाळलेली, लहान फळं आधी. देठ धरून फळ फिरवा, स्पर मोडू देऊ नका. पुढच्या वर्षीची कळी त्यावरच येणार आहे. विरळणी न केलेलं झाड बारीक फळांनी लगडतं आणि पुढच्या वर्षी रिकामं राहतं. याच वेळी, फळ दीड-दोन सेंटीमीटरचं असताना, पिशव्या चढवा.

तोडणीत मात्र सगळ्यांचाच गोंधळ होतो. युरोपीय नासपती झाडावर पिकू द्यायची नसते. ती आतून बाहेर पिकते. वरून मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभ्यापाशी तपकिरी लगदा झालेला असतो आणि गरात दगडपेशींचे कण खरखरतात. फळ पाडाला आलं, पण अजून कडक आहे, तेव्हाच तोडायचं. खूण अशी: फळ तळहातात घेऊन आडवं करा. देठ फांदीला जिथे जोडलेला आहे तिथून ते अलगद सुटलं तर तयार, ओढावं लागलं तर आठवडाभर थांबा. गडद हिरवा रंग फिका होतो, सालीवरचे पांढुरके ठिपके तपकिरी होतात. सगळी फळं एका दिवशी तयार होत नाहीत, दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. होसुई-शिनसेकीसारख्या आशियाई जातींचा नियम उलटा: त्या झाडावरच पूर्ण पिकवून कुरकुरीत खायच्या.

तोडल्यावर लगेच अढी घालू नका, आधी गारवा द्या. फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, गोठणार नाहीत असं बघून. बार्टलेटला थोडे दिवस पुरतात, कोमिसला सुमारे महिना, आंजूला सुमारे दोन महिने. हा गारवा चुकला तर हिवाळी जाती पिकतच नाहीत, नुसत्या सुरकुततात. मग बाहेर काढून 18 ते 21 अंशात, एका थरात, कागदी पिशवीत ठेवा. घाई असेल तर सोबत एक पिकलेलं केळं. चार-पाच दिवसांपासून रोज देठापाशी मानेवर अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे किंचित दबलं की फळ तयार. फुगीर भाग दबेपर्यंत थांबायचं नाही. एकदम सगळी बाहेर काढू नका, आठवड्याला लागतील तेवढीच.

झाडाखाली पडलेली आणि फांदीवर वाळून राहिलेली फळं उचलून टाका, पिशव्यांच्या दोऱ्या सोडवा, आधाराच्या गाठी सैल करा. पानगळीनंतर पुन्हा टेप घेऊन शेंड्याची वाढ मोजा. फळणाऱ्या झाडाला आता 15 ते 30 सेंटीमीटर पुरेशी आहे. उंची हाताबाहेर चालली असेल तर शेंडा हिवाळ्यात नव्हे, पुढच्या उन्हाळ्यात खालच्या एखाद्या नरम फांदीपर्यंत उतरवा. हिवाळ्यात उतरवला तर त्याच जागी पानसोटांचं रान माजतं.